अस्वल वगळा, एडका लिहा

"तुम्हाला गावात काय म्हणतात?" पाटगावकर वकिलांनी विचारलं.

"रंगराव."

"ते नाव झालं. म्हणतात काय?"

मी टोपी एका गुडघ्यावरची उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. मागच्या बाकांवर आंबेखोलची निम्मी माणसं येऊन बसली होती आणि त्यांची खुसखुस आधीच सुरू झाली होती.

"अस्वलमारे," मी म्हणालो.

"का बरं?"

"जत्रेदिवशी रानात अस्वलाला लोळवलं म्हणून."

बाकांवरून हशा उठला. वकीलसाहेबांनी तो पुरता विरू दिला, मग काळ्या कोटाची बाही सावरून टेबलाकडे वळले. "बाईसाहेब, आमच्या जिल्ह्याच्या या भागात शेवटचं अस्वल कधी दिसलं ते वनखात्यालाही माहीत नाही. आणि हा अर्जदार बाईंचा एकुलता एक साक्षीदार."

तहसीलदार बाई हसल्या नाहीत. सबनीस आडनाव, चणीनं लहान, नव्यानंच तालुक्याला आलेल्या. त्यांच्या आधीचा तहसीलदार चांगला आडवातिडवा असल्यामुळे खुर्ची त्याच मापाची होती, आणि बाई तिच्यात बसल्या की शाळेतल्या मुलीनं गुरुजींची खुर्ची बळकावल्यासारखं दिसायचं. पण दोन गोष्टींनी कचेरी त्यांना बिचकून होती. एक, त्या पाणीसुद्धा घरच्या बाटलीतलं पीत. केस चालू असताना कुणाच्याही हातचं काही घेत नसत. आणि दुसरं, साक्षीदाराला खुर्ची देत. "उभा राहिलेला माणूस पाय दुखतात म्हणून लवकर आटपतं घेतो. मला पुरं ऐकायचं असतं," असं त्यांनी अव्वल कारकून नाईकांना सांगितलं होतं म्हणे. नाईकांनी दिलेली खुर्ची लंगडी होती, त्यामुळे मी खरं बोलत असतानाही डुलत होतो.

होय, खरं बोलत होतो. तीच तर पंचाईत होती.

झालं होतं असं. आमच्या गावाच्या टोकाला, ओढ्याच्या वळणावर, म्हादू कुंभाराचं घर आणि भट्टी. तिथं जायला एकच वाट: सर्जेराव इंगवल्यांच्या दोन शेतांमधून जाणारी, जेमतेम बैलगाडीच्या रुंदीची. बाकी तिन्ही बाजूंना ओढ्याची उभी दरड. त्या उन्हाळ्यात सर्जेरावांनी वाटेच्या तोंडाशी दगडांचा गडगा घातला. दगडही कुठले, तर जुन्या गोठ्याच्या पडक्या भिंतीचे, शेवाळ चढलेले. वर एक पावसाळा गेला आणि गडगा आजोबांच्या वेळचा वाटायला लागला. सर्जेराव म्हणत, इथं वाट कधी नव्हतीच, गडगा तीन वर्षांचा आहे. कायद्यात मेख अशी होती की, वाट अडवून सहा महिने उलटले नसतील तरच तहसीलदाराला ती उघडून देता येते. त्यापुढं गेलं की मोठं कोर्ट, आणि मोठ्या कोर्टात जायला कुंभाराकडं ना वेळ ना वकील.

म्हादूची बायको शेवंता. म्हादू चाकावर बसला की राजा, पण माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. म्हणून अर्ज शेवंतानंच केला. तळ्याची माती गाडीनं येईना, भाजलेली मडकी बाहेर पडेनात. डोक्यावरून दरड चढवताना निम्मी फुटत. नवरात्राच्या घटांवर त्यांचं वर्ष चालायचं, आणि नवरात्र तोंडावर आलं होतं. इचलकरंजीला मागावर कामाला जायचं असं नवराबायकोचं ठरत आलं होतं. चाकाला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं.

ती माझ्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात आली. मी पंक्चर शोधत पाण्यात ट्यूब धरून बसलो होतो.

"भावजी, जत्रेदिवशी वाट उघडी हुती हे तुमास्नी ठावं हाय. यंदाच्या चैतातली गोष्ट. साक्षीला या."

"गावात दुसरं कुणी न्हाई?"

"हायेत की. पर समद्यांच्या रानात सर्जेरावाचा ट्रॅक्टर लागतो. तुमाला रान न्हाई."

"खरं हाय. पण वहिनी, माझ्यावर विश्वास कोण ठेवंल?"

"तुमी निस्तं खरं सांगा."

"तेवढंच सोडून बोल," मी म्हणालो. ती हसली नाही. ट्यूबमधून बुडबुडे येत राहिले.

तिला काय मागणं होतं ते तिला पुरतं कळलं नव्हतं. माझ्या दुकानात चार माणसं बसत ती काही सायकलींसाठी नव्हे. मी त्यांना गोष्टी सांगायचो. पुरात मगरीच्या पाठीवरून नदी ओलांडल्याची, दरोडेखोरांना विडी पाजून वाटेला लावल्याची. पण सगळ्यांत वरची होती अस्वलाची. तिच्यावर तालमीच्या पोरांनी मला फेटा बांधला होता. गुरुजींनी शाळेत बोलावून मुलांपुढं सांगायला लावली होती. आणि शेवंताच्या वाटेची साक्ष द्यायची म्हणजे मला नेमकं तेच अस्वल साऱ्या गावादेखत मारावं लागणार होतं.

वकिलांना ते बरोबर ठाऊक होतं.

"रंगराव," ते म्हणाले, "जत्रेच्या संध्याकाळी तुम्ही चिखलानं माखून देवळापाशी आलात. शंभर माणसांसमोर सांगितलंत की रानात अस्वलाशी झोंबी झाली. बरोबर?"

"बरोबर."

"आणि आज शपथेवर सांगता की त्याच दुपारी तुम्ही कुंभाराच्या वाटेवर होता. मग अस्वल कुठं होतं? वाटेवर?"

पुन्हा हशा. सर्जेराव पहिल्या बाकावर बसले होते, मांडीवर हात, मिशीला तूप. ते मोजकं हसले. शेवंता भिंतीला टेकून उभी होती. तिचं सगळं लक्ष माझ्या तोंडाकडे.

"अस्वल नव्हतं," मी म्हणालो.

मागून तालमीतला एकजण हळूच म्हणाला, "आरारा."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात," वकील म्हणाले.

"तवा बोललो."

"आणि आता खरं बोलताय."

"व्हय."

"हे आम्ही कशावरून ओळखायचं?" त्यांनी हात पसरले. "बाईसाहेब, मला आणखी काही विचारायचं नाही. या साक्षीची किंमत आपल्याला दिसतेच आहे."

मला वाटलं, संपलं. नाईकांनीही पेनाचं टोपण लावायला घेतलं. तेवढ्यात बाई पुढं झुकल्या.

"मला विचारायचंय," त्या म्हणाल्या. "रंगराव, अस्वलाची गोष्ट सांगा."

"कुठली, बाईसाहेब?"

"जी देवळापाशी सांगितलीत ती. तशीच."

वकील अर्धवट उठले. "बाईसाहेब, त्याचा या केसशी—"

"तुम्हीच ती आणलीत, वकीलसाहेब. अर्धी आणलीत. मी पुरी ऐकते."

आता खरं सांगतो, माणूस कितीही अडचणीत असो, पुरी ऐकणारा भेटला की राहवत नाही. मी सांगितली. अस्वल जांभळीखाली उभं, भिंतीएवढं. मी म्हणालो, वाट सोड. ते म्हणालं नाही. मी डाव्या हातानं त्याचा कान धरला, उजव्यानं लांग. दोघं उताराला घरंगळत गेलो. खालच्या दलदलीत मी त्याच्या छातीवर, आणि ते हात जोडतंय. कचेरीतला शिपाई दारात थांबून ऐकत होता. वकीलसुद्धा बसले. संपली तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली, बाईंनी नुसतं बघितलं आणि ती विरली.

"लिहू का हे?" नाईकांनी विचारलं.

"थांबा. आता रंगराव, त्या दुपारी काय झालं ते सांगा."

मी शेवंताकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"गाव समदं टकरीच्या मैदानावर गेलेलं," मी सुरू केलं. "म्या उशिरा निघालो. नवं धोतर, नवा लाल रुमाल, पायात कोरी वहाण. सर्जेरावांच्या गोठ्यावरनं चाललो तर तोफ्या बांधलेला."

"तोफ्या कोण?"

"सर्जेरावांचा एडका, बाईसाहेब. टकरीचा मेंढा. चार जत्रा जिंकलेला. यंदा पाय मुरगळला म्हणून घरी ठेवलेला. तर म्या थांबलो. आजूबाजूला कोण न्हाई. म्या आपलं डोकं खाली करून त्येला दावलं, की ये, कर टक्कर."

"का?"

"असंच. तो बांधलेला हुता म्हणून."

बाईंच्या ओठाचा कोपरा किंचित हलला असावा. मला नक्की सांगता येत नाही.

"मग?"

"मग दावं तुटलं. पाय मुरगळलेला कुणाचा हुता द्येव जाणे, त्येचा नव्हता. म्या पळालो. समोर कुंभाराची वाट. दोन्हीकडं उभा ऊस, मधी वाट, मागं तोफ्या. गडगा असता तर म्या आज हितं नसतो. सरळ शेवंतावहिनींच्या अंगणात आलो आन् दिसंल त्यात उडी टाकली."

"कशात?"

"मडक्याची माती भिजत घालत्यात त्या खड्ड्यात."

"किती खोल?"

"गळ्याइतका." मी थांबलो. "मातीत लीद मिसळत्यात, बाईसाहेब. घोड्याची."

मागचा बाक आता हसत नव्हता, खदखदत होता. तालमीच्या पोरांनी तोंडात रुमाल कोंबले. माझे कान तापले, पण थांबून उपयोग नव्हता.

"तोफ्या काठावर उभा. म्या त्येला हात जोडलं. म्हणलं, तोफ्यासायेब, चुकलो. तवर वहिनी झाडू घेऊन आल्या. त्यांनी दोन रट्टे दिले तसा एडका वळला, तिथली मडक्यांची उतरंड पाडून पळाला. म्या डोळं मिटूनच. वहिनी म्हणल्या, भावजी, बाहेर या. म्या म्हणलं, गेला का? त्या म्हणल्या, गेला. म्या म्हणलं, नीट बघा."

"आणि अस्वल?"

"देवळापाशी लोकं म्हणली, रंगराव, ह्ये काय झालं? आता येवढ्या माणसांत एडका म्हणवंना. तोंडातनं अस्वल आलं."

पंखा करकरत फिरत होता. बाईंनी नाईकांकडे बघितलं.

"अस्वल वगळा," त्या म्हणाल्या, "एडका लिहा."

नाईक लिहू लागले. बाईंनी एकेक वाक्य माझ्या तोंडच्या भाषेत सांगितलं, कचेरीची भाषा त्यात घुसू दिली नाही. पुरं झाल्यावर नाईकांना ते मला वाचून दाखवायला लावलं. लीदसुद्धा होती.

"सामनेवाल्यांना आणखी काही विचारायचंय?"

"काही नाही, बाईसाहेब," वकील म्हणाले. त्यांचा चेहरा निवांत होता. ज्या माणसावर सगळी कचेरी हसतेय त्याला भ्यायचं काय?

"मला इचारायचंय," सर्जेराव म्हणाले.

"सर्जेराव, बसा," वकील हळूच म्हणाले.

"न्हाई बसत."

"तुमचे वकील आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांचा सल्ला ऐकायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण साक्षीदाराला प्रश्न विचारायचा हक्क तुमचा आहे, तो मी काढून घेणार नाही."

सर्जेराव उभे राहिले. मी त्यांना ओळखून होतो. या माणसाला कुणी चोर म्हटलं तर हसण्यावारी नेईल, पण तोफ्याच्या नखाला बोट लावलं तर जेवणार नाही. त्या एडक्याला ते दूध पाजत, आणि त्याची नजर काढत.

"काय रं अस्वलमाऱ्या," ते म्हणाले, "माझा तोफ्या बाईच्या झाडूला भिऊन पळाला व्हय? चार जत्रा जिंकलेला गडी? त्येच्या शिंगात मडक्याचा गळा अडकला हुता, डोळ्यावर माती आलेली, म्हणून परत फिरला तो. ते का सांगत न्हाईस?"

"म्या डोळं मिटलं हुतं, सर्जेराव."

"म्या न्हवतं मिटलं. म्या स्वतः काढला तो गळा. ह्ये बोट बघ, ह्ये कापलंय." त्यांनी डाव्या हाताचं बोट साऱ्या कचेरीला दाखवलं.

वकिलांनी कपाळाला हात लावला. सर्जेरावांना ते दिसलं नाही.

बाईंचा आवाज तसाच, सपाट. "म्हणजे एडका त्या दुपारी कुंभारांच्या अंगणातून तुमच्या गोठ्यावर परत आला."

"आला की. न्हाई आला कसा? इमानी जनावर."

"कुठल्या वाटेनं?"

"आता कुठल्या म्हंजी? त्याच वाटंनं. तिकडनं यायला दुसरी वाट हाय कुठं?"

बोलून झाल्यावर त्यांना ऐकू आलं. बोट तसंच हवेत राहिलं. कुणी हसलं नाही. शेवंता मघापासून भिंतीला टेकलेली होती, ती खाली बसली. चार महिने तिनं अर्जात, जबाबात, प्रत्येक साहेबापुढं जे एक वाक्य सांगितलं होतं, ते सर्जेरावांनी तिच्यासाठी एका दमात सांगून टाकलं होतं.

"लिहा," बाई नाईकांना म्हणाल्या. "सामनेवाले यांनी स्वतः साक्षीदारास विचारलेला प्रश्न आणि त्यावरील त्यांचं स्वतःचं म्हणणं. सर्जेराव, वाचून दाखवतील. काही चुकलं असेल तर आत्ता सांगा, दुरुस्त करू."

नाईकांनी वाचलं. सर्जेराव ऐकत होते. त्यांच्यासमोर सोपा रस्ता होता: म्हणायचं, मी असं बोललोच नाही, रागात बोललो, दुसरा एडका होता. वकील त्यांच्या बाहीला धरून तेच सुचवत होते. आणि मला वाटतं, बाईंनी मुद्दामच तेवढा वेळ दिला.

"तोफ्याचं आहे तसं ऱ्हाऊ द्या," सर्जेराव शेवटी म्हणाले. "त्यातलं काय बदलू नगा."

दुसऱ्या दिवशी बाई जागा बघायला आल्या. ओढा, दरड, भट्टी, सगळं पायी फिरल्या. आठवड्यात निकाल लागला आणि गडगा काढायला त्या पुन्हा हजर झाल्या. दगड उचलायला सर्जेरावांचाच ट्रॅक्टर होता. वाट मोकळी झाली तशी म्हादूनं मातीची गाडी आणली. बोलला काही नाही. बैलांच्या गळ्यात मात्र पोळ्याच्या माळा घातल्या होत्या.

शेवंतानं नव्या मडक्यातलं पाणी आणलं. बाईंनी नाईकांना विचारलं, "पंचनाम्यावर सह्या झाल्या?" नाईक म्हणाले, झाल्या. मग त्यांनी पाणी घेतलं, सगळं प्यायल्या, आणि तिथून उठून सर्जेरावांच्या ओट्यावर जाऊन चहाही घेतला. सर्जेराव कपबशी धरून उभेच राहिले.

बाई जीपकडे निघाल्या तेव्हा मी आडवा गेलो.

"बाईसाहेब, एक इचारू का?"

"आता विचारा. केस संपली."

"सर्जेराव बोलायच्या आधीच तुमी एडका लिहायला सांगितला. माझ्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. तुमचा कसा बसला?"

"बसला असं मी म्हटलं नव्हतं. लिहा म्हटलं होतं." मग जीपच्या दांडीला धरून थांबल्या. "रंगराव, तुमची अस्वलाची गोष्ट मी नीट ऐकली. मगरीची आणि दरोडेखोरांची मला नाईकांनी सांगितली. त्या सगळ्यांत तुम्ही जिंकता. एडक्याच्या गोष्टीत तुम्ही लिदीच्या खड्ड्यात उभं राहून एडक्याला साहेब म्हणता. माणूस स्वतःसाठी असली थाप मारत नाही."

जीप गेली.

नवरात्राला गावातल्या प्रत्येक घरात शेवंताच्या हातचा घट होता. चाकाचं गिऱ्हाईक परत गेलं. मला वाटलं होतं, आता दुकानात कोण बसतंय, फेटासुद्धा परत मागतील. पोरं आली. म्हणाली, तात्या, ते तोफ्यासाहेबांचं पुन्हा सांगा. हसून हसून एकजण सायकलीवरून पडला. पुढं पुढं परगावचे लोक चाकात हवा असतानाही हवा भरायला येऊ लागले.

दिवाळीच्या सुमाराला सर्जेराव आले. बाकावर बसले, सायकलींकडे बघत म्हणाले,

"ती गोष्ट सांगतोस म्हणं."

"सांगतो."

"त्यात तोफ्या लहान वाटतो." ते मिशी चोळत म्हणाले. "खड्ड्याकाठी नुसता उभा. जरा वाढीव."

तेव्हापासून वाढवतोय. आता तोफ्या म्हशीएवढा झालाय, दावं साखळीचं झालंय, आणि शिंगात एक नाही, सात मडकी अडकतात. सर्जेराव होते तोवर दर खेपेला येऊन मान डोलवायचे. पण वाटेला मी कधी हात लावला नाही. ती गोष्टीत जेमतेम बैलगाडीच्या रुंदीचीच आहे, आणि म्हादूचा नातू तिच्यावरून टेम्पो नेताना आरसे मिटून घेतो.

तुम्ही म्हणाल, म्हातारा थापाड्या, ही तरी गोष्ट खरी कशावरून? मी काय सांगणार? सबनीस बाईंची रीत लावून बघा. यात मी कसा दिसतो ते बघा. मधेच कुठं जरा शूर वाटलो असेन, तर तेवढं वगळा.